पत, पुस्तक आणि बियाण्याची पिशवी

‘पत’ हा मराठीतील मोठा अर्थगर्भ शब्द आहे. उधार मिळण्याची योग्यता म्हणजे पत आणि शब्दावर विश्वास ठेवला जाण्याची योग्यता म्हणजेही पतच. मोंढ्यातल्या आडत्याला हे दोन अर्थ वेगळे करून सांगावे लागत नाहीत. ज्याच्या शब्दावर माल उचलता येतो त्याची पत आहे, एवढे त्याला पुरते. ‘जालना सोने का पालना’ असे ज्या गावाबद्दल म्हटले गेले, त्या गावात अशी पत पिढ्यान् पिढ्या वहीच्या आधाराने उभी राहिली. दिलेला शब्द आणि पाळलेला शब्द यांचा मेळ वहीत पडत असे आणि तो न पडल्यास त्याची वार्ता आठवडाभरात सर्व पेठेत पोचत असे. अलीकडे मात्र व्यवसायाच्या क्षेत्रात पत उभी करण्याचे एक निराळे साधन पुढे आले आहे. ते साधन वहीचे नसून पुस्तकाचे आहे.

गेल्या काही वर्षांत मोठ्या शहरांतून, आणि आता जिल्ह्यांच्या गावांतूनही, उद्योजकांना व व्यावसायिक सल्लागारांना एक सल्ला आवर्जून दिला जातो. तो असा की, आपल्या विषयावर एक पुस्तक लिहावे. दुकानाची पाटी, छापील पत्रक, वर्तमानपत्रातील जाहिरात यांवर लोक आता सहजी विश्वास ठेवीत नाहीत; परंतु पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाव झळकले की तोच मनुष्य विक्रेता न राहता ‘तज्ज्ञ’ होतो, असा या सल्ल्यामागील युक्तिवाद आहे. पुस्तक खपलेच पाहिजे असेही नाही. ते भेट देता येते, व्याख्यानाच्या निमंत्रणाबरोबर पाठविता येते, बँकेच्या अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवता येते. पुस्तकाच्या विक्रीतून मिळणारे मानधन नगण्य असले तरी त्यामुळे वाढणारी सल्ल्याची फी, प्रशिक्षण शिबिरांचे शुल्क आणि नवे ग्राहक हाच खरा लाभ मानला जातो. जमाखर्चाच्या भाषेत बोलायचे तर या पुस्तकाचा खर्च ज्ञानाच्या खात्यावर न पडता विक्रीच्या खात्यावर पडतो.

या पुस्तकांची घडण कशी होते हेही आता गुपित राहिलेले नाही. उद्योजकाने काही तास बोलायचे, दुसऱ्याने ते शब्दांकित करायचे, छपाईचा खर्च लेखक म्हणविणाऱ्याने सोसायचा आणि एखाद्या सभागृहात मान्यवरांच्या हस्ते प्रकाशन उरकायचे, असा हा क्रम आहे. बोलण्याचे कष्टही नको असतील तर संगणक आता हवा तितका मजकूर रचून देतो. समारंभाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले की नावामागे ‘लेखक आणि मार्गदर्शक’ ही बिरुदे लागतात.

यात गैर ते काय, असा प्रश्न कोणी करील आणि तो प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. ज्याच्याजवळ विद्यापीठाची पदवी नाही, ज्याला इंग्रजी बोलता येत नाही, ज्याचे कोणी वजनदार नातलग नाहीत, अशा मनुष्याने वीस वर्षे एखादा धंदा सचोटीने केलेला असतो. मोठ्या शहरातील कचेरीत त्याला कोणी उभे करीत नाही. त्याने आपले अनुभवसिद्ध ज्ञान पुस्तकात मांडले आणि त्यामुळे त्याला खुर्ची मिळाली, तर त्यात समाजाचे नुकसान नसून लाभच आहे. तेव्हा पुस्तकामुळे पत वाढणे हे आक्षेपार्ह मानता येणार नाही. आक्षेप येतो तो पुस्तकात पत वाढविण्याजोगे काही आहे की नाही हे पाहण्याची कोणतीच सोय नसल्यामुळे.

न दिसणाऱ्या गुणांचा बाजार

अर्थशास्त्राने या प्रश्नाचा विचार गेल्या अर्धशतकात बराच केला आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखविले की, मालाचा खरा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तर घेणारा सगळ्याच मालाला कमी किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगला माल विकणे परवडत नाही म्हणून चांगला विक्रेता बाजारातून उठून जातो आणि मागे निकृष्ट माल उरतो. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये त्यावरचा एक उपाय तपासला. गुणवान मनुष्याने अशी एखादी खूण धारण करावी की, जी मिळविणे गुणवंताला सोपे आणि गुणहीनाला फार महाग पडेल. मग ती खूण पाहून घेणाऱ्याला निवड करता येते. शैक्षणिक पदवी ही अशी खूण ठरू शकते, असे त्यांचे प्रतिपादन होते. या दोघांना जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत २००१ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पुस्तक ही एके काळी अशीच खूण होती. दोनशे पाने सलग, सुसंगत आणि सप्रमाण लिहिणे विषय न जाणणाऱ्याला जवळजवळ अशक्य होते. लिहिले तरी स्वतःचे भांडवल घालून ते छापणारा प्रकाशक मिळणे कठीण होते. त्या दोन चाळण्यांतून बाहेर पडलेले पुस्तक पाहून वाचक लेखकाविषयी काही अनुमान काढत असे, आणि ते अनुमान बहुधा चुकत नसे. आता लिहिण्याचे काम दुसऱ्यावर सोपविता येते, छपाई थोड्या प्रतींचीही होते आणि प्रकाशकाला पैसे लेखकच देतो. म्हणजे जाणत्याला आणि अजाणत्याला ही खूण सारख्याच किमतीत मिळू लागली. स्पेन्स यांच्या कसोटीनुसार जी खूण सर्वांना सारख्याच खर्चात मिळते ती काहीच सांगत नाही. वाचकाच्या मनात मात्र पुस्तकाविषयीचा जुना आदर अद्याप शिल्लक आहे. पूर्वीच्या लेखकांनी कष्टाने साठविलेल्या या आदराच्या ठेवीवर आजचे हे व्यवहार चालले आहेत.

बियाण्याच्या गावाने काय केले

जालना जिल्ह्याला हा सिद्धांत पुस्तकातून शिकण्याची गरज पडू नये. ज्या मालाचा गुण विकत घेताना डोळ्यांना दिसत नाही, अशा मालाच्या धंद्यावर या गावाने देशभर नाव मिळविले आहे. तो माल म्हणजे बियाणे. मुठीत घेतलेला सरकीचा किंवा ज्वारीचा दाणा शुद्ध वाणाचा आहे की भेसळीचा, हे अनुभवी शेतकऱ्यालाही केवळ पाहून सांगता येत नाही. ते शेतात कळते आणि कळते तेव्हा हंगाम निघून गेलेला असतो.

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात ‘महिको’ची स्थापना केली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची ‘पुसा सावनी’ ही भेंडीची जात वाढवून तिचे बियाणे विकण्यापासून त्यांच्या या उद्योगाची सुरुवात झाली. पुढे ज्वारी, बाजरी, कापूस यांच्या संकरित बियाण्यांत या संस्थेने मोठा पल्ला गाठला. १९९८ साली बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार आणि २००१ साली पद्मभूषण मिळाले. २०१७ साली त्यांचे निधन झाले. बियाण्यांबरोबरच्या आपल्या वाटचालीवर त्यांनी उत्तरायुष्यात इंग्रजीत पुस्तकही लिहिले. परंतु येथे क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी शेतकऱ्याच्या रानात पिके उभी राहिली, मग पुरस्कार आले आणि पुस्तक सर्वांत शेवटी आले. बारवाले यांच्या कारकिर्दीतील काही निर्णयांवर, विशेषतः २००२ मध्ये परवानगी मिळालेल्या बीटी कापसावर, तीव्र मतभेद झाले आणि ते अजून मिटलेले नाहीत. तरीही हे मतभेद शेतातील पिकाच्या, किडीच्या आणि खर्चाच्या पुराव्यावर लढविता येतात.

बियाण्याचा धंदा केवळ एका उद्योजकाच्या सचोटीवर सोडून दिला गेला नाही, ही त्याहून महत्त्वाची गोष्ट. १९६३ साली राष्ट्रीय बियाणे महामंडळ स्थापन झाले, १९६६ साली बियाणे कायदा झाला आणि १९७६ साली अकोल्यास महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ म्हणजे ‘महाबीज’ उभे राहिले. पिशवीला लावावयाच्या खूणचिठ्ठ्यांचे रंग ठरले. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळी, पायाभूत बियाण्याला पांढरी, प्रमाणित बियाण्याला निळी, आणि ज्याची हमी विकणारा स्वतःच देतो त्या सत्यप्रत बियाण्याला फिकट हिरवी चिठ्ठी असते. चिठ्ठीवर वाणाचे नाव, लॉट क्रमांक, उगवणशक्तीचे प्रमाण, भौतिक शुद्धता, चाचणीची तारीख आणि वैधतेची मुदत छापावी लागते. हरभऱ्याच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ८५ टक्के आणि सोयाबीनची किमान ७० टक्के असली पाहिजे. प्रमाणित बियाण्याची वैधता चाचणीपासून ९ महिने असते. त्यानंतर पुन्हा चाचणी करावी लागते.

त्या चिठ्ठीच्या पाठीमागे रानातले कष्ट असतात. जाफराबादच्या परिसरात किंवा शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा भागात बीजोत्पादनाचे प्लॉट ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे ठाऊक आहे. नर आणि मादी वाणांच्या ओळी वेगळ्या लावायच्या, दुसऱ्या वाणाचे परागकण येऊ नयेत म्हणून विलगीकरणाचे अंतर राखायचे किंवा शेडनेट उभारायचे, भेसळीची झाडे वेळेवर उपटून काढायची, फुलोऱ्याच्या दिवसांत एकेक कळी हाताने हाताळायची, असे ते काम आहे. शेवटी नमुना प्रयोगशाळेत जातो आणि नापास झालेला लॉट बियाणे म्हणून विकता येत नाही. शेतकऱ्याच्या श्रमांचे मोल तेथे कोसळते. त्याबद्दल बीजोत्पादक शेतकऱ्यांची गाऱ्हाणी आहेत आणि त्यांतील कित्येक रास्त आहेत. तथापि न दिसणारा गुण घेणाऱ्याला समजावा यासाठी एवढी यंत्रणा लागते, ही गोष्ट हा जिल्हा जाणतो.

एवढे असूनही बोगस बियाण्याच्या तक्रारी दर खरिपात होतातच. मात्र तक्रार करायला जागा आहे. बियाणे सदोष निघाल्यास शेतकरी ग्राहक म्हणून ग्राहक न्यायालयात दाद मागू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात स्पष्ट केले. बियाणे विकणारा त्या बियाण्याबद्दल उत्तरदायी आहे, हे तत्त्व अशा रीतीने पक्के झाले.

पुस्तकाला चिठ्ठी कोणती?

आता हीच दृष्टी व्यवसायविषयक पुस्तकाकडे वळविली तर काय दिसते? पुस्तकाच्या मागील बाजूस एक तेरा आकडी क्रमांक असतो आणि त्याचा मोठा दरारा वाटतो. हा आंतरराष्ट्रीय मानक ग्रंथ क्रमांक आपल्या देशात राजा राममोहन रॉय यांच्या नावाने चालणारी शासकीय यंत्रणा विनामूल्य देते. तो पुस्तकाची ओळख पटविण्यापुरता असतो. मजकूर कोणी तपासल्याची ती खूण नव्हे. बियाण्याच्या भाषेत तो केवळ लॉट क्रमांक आहे. उगवणशक्तीचा रकाना कोराच राहतो.

त्यातही एक भेद आहे. बियाण्याचा गुण उशिरा का होईना, शेतात दिसतो. व्यवसायाच्या सल्ल्याचा गुण पुष्कळदा कधीच दिसत नाही. सल्ल्याप्रमाणे चालून दुकान बुडाले तर सल्ला चुकला, की बाजार मंदावला, की दुकानदाराची मेहनत कमी पडली, हे निश्चित सांगता येत नाही. लेखक अर्थातच तिसरे कारण पुढे करतो. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी १९७३ साली अशा वस्तूंचा निराळा वर्ग कल्पिला होता. वापरून झाल्यावरही ज्यांचा दर्जा घेणाऱ्याला पुरता कळत नाही आणि ज्या केवळ विश्वासावर घ्याव्या लागतात, अशा या वस्तू. व्यवसायविषयक सल्ला हा त्याच वर्गातला आहे. म्हणजे जेथे तपासणीची गरज सर्वांत अधिक तेथेच ती सर्वांत कमी आहे.

हा दोष केवळ छोट्या गावातील हौशी लेखकांचा आहे असे मानण्याचे कारण नाही. ‘इन सर्च ऑफ एक्सलन्स’ हे अमेरिकेतील दोन व्यवस्थापन सल्लागारांचे पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले आणि जगभर गाजले. त्यात उत्कृष्ट म्हणून गौरविलेल्या कंपन्यांपैकी अनेक कंपन्या अडचणीत आल्याचे ‘बिझनेस वीक’ या साप्ताहिकाने अवघ्या दोन वर्षांत, १९८४ साली, मुखपृष्ठावरून सांगितले. पुस्तकाच्या लेखकांची कीर्ती मात्र त्यामुळे ओसरली नाही. फिल रोझेनझ्वाइग यांनी २००७ साली ‘द हेलो इफेक्ट’ या ग्रंथात अशा पुस्तकांतील मूळ दोषावर बोट ठेवले. कंपनी नफ्यात असली की तिचा प्रमुख दूरदर्शी ठरतो आणि तीच कंपनी तोट्यात गेली की तोच प्रमुख हटवादी ठरतो. यशाची कारणे म्हणून जे गुण सांगितले जातात ते प्रत्यक्षात यश पाहून मागाहून चिकटविलेले असतात.

त्याही पुढची पायरी १९९५ साली दिसली. ‘द डिसिप्लिन ऑफ मार्केट लीडर्स’ या पुस्तकाच्या हजारो प्रती लेखकांच्या बाजूनेच निरनिराळ्या दुकानांतून उचलून त्याला खपाच्या यादीत वर नेण्यात आले, असे वृत्त ‘बिझनेस वीक’ने दिले, संबंधितांनी गैरप्रकाराचा इन्कार केला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या यादीत घाऊक खरेदी झालेल्या पुस्तकापुढे आता कट्यारीची लहानशी खूण छापतात. पुस्तकाच्या खपातून मिळणाऱ्या पैशापेक्षा त्यातून येणारी सल्ल्याची कामे किती मोलाची असतात, याचा अंदाज या एका खुणेवरून येतो.

मराठीतील दुसरी वाट

मराठीत मात्र धंदा आणि छपाई यांच्या संबंधाची एक वेगळी परंपरा आहे आणि तिचे स्मरण येथे उपयुक्त ठरेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे शेतकरी तो घेण्यास धजत नव्हते. पहिले सहा नांगर विकावयास दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. अविश्वासाची ही भिंत नांगर चालवून दाखवूनच फुटली. १९१० साली किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला आणि त्यानंतर दहा वर्षांनी, १९२० साली, शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. मूळ हेतू कारखान्याच्या प्रसिद्धीचाच होता, यात लपविण्यासारखे काही नव्हते. परंतु छापलेल्या शब्दाला वाचकाच्या दृष्टीने काही किंमत असली पाहिजे, हे ध्यानात घेऊन ते पत्र वाढत गेले. त्यातूनच ‘किर्लोस्कर’ मासिक आणि पुढे १९३० साली ‘स्त्री’ व १९३४ साली ‘मनोहर’ ही मासिके निघाली. शंतनुराव किर्लोस्करांचे ‘जेट युगातील मराठी माणूस’ हे आत्मचरित्र आले ते अनेक दशके कारखाने चालवून झाल्यानंतर.

त्याच्याही मागे जायचे तर महात्मा फुले आहेत. १८८३ साली पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाचा कर्ता कंत्राटदारीचा धंदा केलेला आणि मांजरीस शेती करणारा गृहस्थ होता, याचा विसर पुष्कळांना पडतो. शेतीची दुर्दशा, पाणी, जनावरे, सावकारी यांविषयी त्या ग्रंथात जे अधिकाराने आले आहे त्याला या व्यवहारज्ञानाचे पाठबळ होते. त्या लेखनाने कर्त्याला गिऱ्हाइके मिळाली नाहीत. उलट प्रस्थापितांचा रोष पदरी आला. तज्ज्ञतेची एक जुनी कसोटी यात सापडते. जे सांगितल्याने लेखकाचा स्वतःचा तोटा होण्याचा संभव आहे, असे काही पुस्तकात आहे काय, हे वाचकाने पाहावे.

किंमत कोण मोजतो

१९८१ साली स्वतंत्र झालेल्या या जिल्ह्यात हा प्रश्न केवळ बौद्धिक नाही. येथील शेती मोठ्या प्रमाणात पावसावर अवलंबून आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या आणि वर्षानुवर्षे जोपासलेली झाडे शेतकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी तोडली. त्या वर्षी ज्यांच्या बागा वाचल्या त्यांच्याकडून शिकण्यासारखे खचितच आहे. परंतु केवळ वाचलेल्या बागांवर पुस्तक लिहिले तर ते अर्धेच पुस्तक होईल. तेच उपाय करूनही ज्यांच्या बागा गेल्या त्यांची गोष्ट त्यात आली नाही, तर वाचणारा नवा बागाईतदार उपायाला यशाची हमी समजून कर्ज काढील. तज्ज्ञतेची बिरुदे पुस्तकाच्या कर्त्याकडे राहतील आणि हप्ते वाचकाच्या माथी येतील.

यशाच्या पुस्तकांचा वाचक पुष्कळदा असाच असतो. शेतीतून बाहेर पडू पाहणारा तरुण, बचत गटातून लोणची-पापडांचा उद्योग काढणाऱ्या स्त्रिया, नोकरी न मिळालेला पदवीधर ही मंडळी अशी पुस्तके आशेने घेतात. पुस्तकाची किंमत तीनचारशे रुपये असेल. पण त्यातील सल्ल्याच्या भरवशावर काढलेले कर्ज लाखांत असते. ज्यांना चूक परवडत नाही त्यांनाच तपासणी न झालेले ज्ञान विकले जाते, हा या व्यवहारातील खरा अन्याय होय.

दुसरीकडे जे लिहिले जावयास हवे ते लिहिले जात नाही. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळई तयार करणाऱ्या भट्ट्यांवर आयुष्य घालविलेले कारागीर आहेत. भंगाराच्या प्रतीचा वितळण्यावर काय परिणाम होतो, विजेचे बिल कोठे वाढते, हे त्यांना जितके कळते तितके कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. बीजोत्पादनातील बारकावे जाणणाऱ्या स्त्रिया आहेत. कळी कोणत्या वेळी उमलवावी याचे ज्ञान त्यांच्या बोटांत आहे. मोसंबीची कलमे बांधणारे आहेत, आडतीचे हिशेब तीन पिढ्या लिहिणारे मुनीम आहेत. यांपैकी कोणीही स्वतःला तज्ज्ञ म्हणवीत नाही आणि त्यांना कोणी पुस्तक लिहावयास सांगत नाही. अ‍ॅकरलॉफ यांनी वर्णिलेली परिस्थिती ती हीच. खऱ्या गुणाला खूण मिळत नाही म्हणून तो बाजारात येतच नाही.

शिवारफेरीची कसोटी

उपाय काय? पुस्तकांसाठी बियाण्यासारखा कायदा करावा आणि निरीक्षक नेमावेत, असे कोणीही शहाणा मनुष्य सुचविणार नाही. छापण्याचे स्वातंत्र्य चुकीच्या पुस्तकांसह स्वीकारावे लागते. परंतु कायदा नको म्हणून कसोटीही नको, असे होत नाही. ती कसोटी या जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी दुसऱ्या क्षेत्रात घडवून ठेवलेली आहे. जालना तालुक्यातील कडवंची गावाने पाणलोटाची कामे केली, शेततळी खोदली आणि अवर्षणप्रवण मुलखात द्राक्षबागा उभ्या केल्या, तेव्हा त्याची ख्याती झाली ती लोक तेथे जाऊन रान पाहून आले म्हणून. शिवारफेरीत पाहुणा बांधावर उभा राहून खर्च विचारतो, विहिरीत डोकावतो आणि शेजारच्या शेतकऱ्यालाही खरेखोटे विचारून घेतो. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात शेतकऱ्यांच्या मासिक चर्चासत्राची परंपरा आहे. गेल्या महिन्यात सल्ला देणाऱ्याला या महिन्यात त्याच श्रोत्यांसमोर बसावे लागते, यातच त्या सल्ल्याची परीक्षा आहे.

व्यवसायावरील पुस्तकाचीही अशी शिवारफेरी करता येईल. लेखकाने तो धंदा किती वर्षे, कोठे आणि किती भांडवलावर केला, हे पुस्तकात सांगितले आहे काय? नफ्याच्या वर्षांबरोबर तोट्याची वर्षे आकड्यांसह दिली आहेत काय? कोणत्या परिस्थितीत हा सल्ला लागू पडणार नाही, हे स्पष्ट केले आहे काय? शब्दांकन दुसऱ्याने केले असल्यास त्याचे नाव आहे काय? आणि हे पुस्तक वाचून झाल्यावर वाचकाने लेखकाचे आणखी काही विकत घ्यावे, अशी त्याची रचना तर नाही? या प्रश्नांची उत्तरे ज्या पुस्तकात मिळतात ते पुस्तक लेखकाने स्वतःच्या नावलौकिकासाठी लिहिले असले तरी बिघडत नाही. नावलौकिकाची इच्छा हा गुन्हा नव्हे. आपले खाते उघडे करून जो पत मागतो त्याला ती द्यावी, हा पेठेचा जुना न्याय आहे.

महाविद्यालयांनाही यात काम आहे. वाणिज्य आणि अर्थशास्त्राचे विद्यार्थी दरवर्षी प्रकल्प-अहवाल लिहितात आणि ते बहुधा कपाटात पडून राहतात. त्याऐवजी एका भट्टीचा, एका बीजोत्पादक गावाचा, एका बुडालेल्या दुकानाचा पाच वर्षांचा प्रामाणिक जमाखर्च त्यांनी त्या त्या माणसांच्या तोंडून उतरवून घेतला, तर जिल्ह्याला उपयोगी पडेल असे ज्ञान पाचदहा वर्षांत साठेल. ते जिल्हा ग्रंथालयात ठेवावे आणि त्यावर सांगणाऱ्याचे नाव लेखक म्हणून घालावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनाही अशा रीतीने तज्ज्ञतेची खूण मिळेल आणि ती खूण रास्त असेल. प्रकाशन समारंभांना अध्यक्ष म्हणून जाणाऱ्या प्राध्यापकांनी व पुढाऱ्यांनी पुस्तक आधी वाचण्याचा नियम स्वतःला घालून घेतला, तरी पुष्कळ काम होईल.

खरिपाच्या तोंडावर मोंढ्यातील दुकानात बियाण्याची पिशवी घेताना शेतकरी ती उलटी करतो, चिठ्ठीवरची तारीख पाहतो, उगवणीचा आकडा वाचतो, पावती मागतो आणि ती पावती हंगाम संपेपर्यंत जपून ठेवतो. ही सवय त्याला फसवणुकीच्या अनेक वर्षांनी लावली. त्याच शेतकऱ्याचा मुलगा शहरातल्या दुकानात यशाची सूत्रे सांगणारे पुस्तक हाती घेतो, तेव्हा मुखपृष्ठावरील छायाचित्र पाहून पैसे मोजतो. बापाची सवय मुलाने पुस्तकाच्या बाबतीतही उचलली, तर लिहिणाऱ्यांनाही चिठ्ठीवर खरा आकडा छापावा लागेल.